कार्डासकट अंगठी

नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राधेश्याम शेठचं सराफी दुकान आहे. गुरुवारी सकाळी तिथं गंधाली आणि कल्याण साखरपुड्याची अंगठी बघायला आले. शेठनं दोन अंगठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच. एकीतला हिरा खाणीतला, तांदळाच्या कणीएवढा. दुसरीतला प्रयोगशाळेत वाढवलेला, मुगाच्या दाण्याएवढा.

गंधाली सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. दुसरी अंगठी तिनं बोटात घातली, उजेडात धरली, आणि हा हिरा कसा तयार होतो ते शेठला विचारून घेतलं. पुढच्या आठवड्यात मुलांना हे सांगायचं, असंही तिच्या मनात आलं. "हीच," ती म्हणाली. कल्याणलाही तीच आवडली.

तेवढ्यात त्याला फोन आला. त्याची आई सगुणाबाई आणि मामा भुजंगराव टेंभुर्णीहून एसटीनं आले होते. स्टँडवर उतरून ते रिक्षात बसले होते. फोन ठेवला तेव्हा कल्याणचा चेहरा बदललेला होता.

"शेठ, ते कार्ड वेगळ्या पिशवीत टाका," तो म्हणाला. "आणि आईसमोर प्रयोगशाळेचं काढू नका."

कार्ड म्हणजे हिऱ्याचं प्रमाणपत्र. हा हिरा खाणीतला नाही, प्रयोगशाळेतला आहे, असं त्यावर स्पष्ट छापलेलं होतं.

गंधालीनं त्याला बाजूला घेऊन कारण विचारलं. कल्याणनं खालच्या आवाजात सांगितलं. आईनं गावभर सांगून ठेवलं होतं की सुनेला हिऱ्याची अंगठी घालणार. त्यावर मामा चारचौघांत म्हणाले होते, आजकाल कारखान्यात हिरे करतात, ती नुसती काच असते. काल रात्री आईनं फोनवर विचारलं तेव्हा कल्याण सांगून बसला होता की हिरा खाणीतलाच घेणार. रविवारी साखरपुडा. तो पार पडला की आईला सावकाश सांगू, असा त्याचा विचार होता.

"मग खाणीतलाच घेऊ. लहान असला तरी मला चालेल."

"तो लहान हिरा बघून मामा आणखी हसतील."

"आणि मला विचारलं तर?"

"तुला कोण विचारतंय? तू फक्त हात पुढं कर."

हे वाक्य गंधालीला लागलं. कल्याण बियाण्याच्या एका कंपनीत सुपरवायझर होता. खेड्यापाड्यातल्या शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीखालच्या शेतात, जाऊन बीजोत्पादन तपासायचं हे त्याचं काम. कामात तो कुणाचं ऐकत नाही, असं सगळे म्हणायचे आणि तिला तेच आवडलं होतं. आता आपण बोललो तर तो आईपुढं उघडा पडणार. कदाचित साखरपुडाच मोडेल. गप्प बसलो तर हे खोटं रोज बोटात घालून फिरायचं.

शेठनं कार्ड पिशवीत टाकलं. पण बिलावर 'प्रयोगशाळेतला' असं लिहावंच लागेल, हेही त्यानं सांगितलं. शिवाय हिऱ्याच्या कडेला बारीक नंबर कोरलेला असतो, तो काही पुसता येत नाही.

सगुणाबाई आल्या त्या आधी पाणी प्यायल्या. त्यांच्या बोटांची टोकं हिरवट काळी होती. वर्षानुवर्षं मिरचीच्या कळ्या हाताळून लागलेला तो रंग आता जात नव्हता. त्यांनी अंगठी हातात घेऊन पाहिली. भुजंगमामांनी खिशातून पेनासारखं एक यंत्र काढलं. जुन्या जालन्यातल्या एका ओळखीच्या सराफाकडून ते येता येता मागून आणलं होतं.

"आमाला कोनी काच देऊन जाईल, असं न्हाई," ते शेठकडे बघत म्हणाले.

त्यांनी पेनाचं टोक हिऱ्यावर टेकवलं. गंधालीला माहीत होतं की हे यंत्र फक्त उष्णता किती वेगानं पसरते ते बघतं. खाणीतला हिरा असो की प्रयोगशाळेतला, ते वाजणारच. पेन वाजलं. लाल दिवे लागले. मामांनी पुन्हा टेकवलं, ते पुन्हा वाजलं.

"बराबर हाये," मामा म्हणाले. "अस्सल खाणीतला."

शेठ बिलाच्या वहीकडे वळला. सगुणाबाईंनी गंधालीचा हात हातात घेतला आणि अंगठी तिच्या बोटात सरकवली.

"पसंत हाये न, पोरी? खाणीतलाच घेऊन राह्यलो म्हनला व्हता कल्याण."

कल्याण तिच्याकडे बघत होता. डोळ्यांनीच तो विनवत होता. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

गंधालीनं अंगठी काढली आणि काउंटरवर ठेवली.

"मावशी, हिरा पसंत आहे. पण तो खाणीतला नाही. प्रयोगशाळेत वाढवलेला आहे. हे मला माहीत होतं, कल्याणलाही माहीत आहे."

मामांनी हातातल्या पेनाकडे पाहिलं, मग शेठकडे. "मंग काचच म्हना की."

"काच नाही, मामा. काच असती तर तुमचं पेन वाजलं नसतं. दोन्ही हिरेच आहेत, फक्त वाढलेत वेगवेगळ्या ठिकाणी."

"आमची शाळा घेऊन राह्यली का, बाई?"

"घेऊ दे," सगुणाबाई म्हणाल्या. "वाढवत्यात म्हंजे कसं?"

गंधालीनं वर्गात सांगते तसं सांगितलं. खऱ्या हिऱ्याची एक पातळ चकती बंद भट्टीत ठेवतात. आत एक वायू सोडतात आणि प्रचंड तापवतात. त्या वायूतला कार्बन चकतीवर बसत जातो, थरावर थर. ती चकती हेच हिऱ्याचं बी.

"बी लागतंच का?"

"लागतंच, मावशी. बियाशिवाय नाही वाढत."

"किती दिस?"

"तीन-चार आठवडे."

"मिरचीपरीस जल्दी झालं की," सगुणाबाई म्हणाल्या. पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. "कल्याण, गेल्या साली नंदाबाईच्या दोन रांगा तू उपटून टाकल्या व्हत्या."

कल्याणनं मान खाली घातली.

टेंभुर्णीच्या शेडनेटमध्ये सगुणाबाई आणि नंदाबाई शेजारी शेजारी काम करत. मिरचीच्या उमलू घातलेल्या फुलातले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, दुसऱ्या सकाळी त्यावर नराच्या झाडाचा पराग लावायचा, आणि त्या फुलाला लोकरीचा लाल धागा बांधायचा. धागा असलेल्या फळाचंच बी कंपनी घेते. गेल्या वर्षी काम उरकेना म्हणून नंदाबाईनं पराग न लावलेल्या फुलांनाही धागे बांधले. कल्याणनं ते ओळखलं. तिनं पुष्कळ हात जोडले, पण त्यानं दोन्ही रांगा मुळासकट उपटायला लावल्या. सगुणाबाई तिथंच उभ्या होत्या.

"तवा तिला काय म्हनला व्हता तू?"

कल्याणनं दाराकडे पाहिलं.

"समद्यांनी ऐकलं व्हतं. आता इथं सांग."

"फळ चांगलं असेल," कल्याण हळूच म्हणाला, "पण धागा खोटा आहे."

मामा उठून दाराशी गेले. शेठनं चहा मागवला होता, त्यांनी नको म्हणून हात हलवला.

"हिऱ्याचं मला काई न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या. "भट्टीत होऊ दे न्हाई तर खाणीत होऊ दे. ते कार्ड आन. वाच."

कल्याणनं पिशवीतून कार्ड काढलं आणि वाचलं. वजन, रंग, नंबर. 'प्रयोगशाळेत वाढवलेला' हे शब्द आले तिथं तो अडखळला. सगुणाबाईंनी ती ओळ त्याला पुन्हा वाचायला लावली. रविवारी मांडवात, अंगठी घालायच्या आधी, सगळ्या भाऊबंदांसमोर असंच वाचायचं, असं त्यांनी बजावलं.

"आक्का, लोक हसतील," दारातून मामा म्हणाले.

"हसू दे. नंदाबाईला बी हसले व्हते." मग त्या गंधालीकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला. "आन् तुला ह्यो मानूस पसंत नसंल, तर आत्ताच सांग, पोरी. खोटं त्यो बोललाय. तुला बी बोलायला लावत व्हता."

गंधालीनं अंगठी उचलली. मुगाच्या दाण्याएवढा हिरा, मघाइतकाच चमकत होता. कल्याण तिच्याकडे बघत नव्हता. कार्ड त्यानं दोन्ही हातांत धरलं होतं. अंगठी तिनं शेठच्या हातात दिली.

"पॅक करा," ती म्हणाली. "कार्ड कल्याणजवळच राहू द्या."

मग ती कल्याणला म्हणाली, "रविवारी तू आधी वाच. मग मी हात पुढं करायचा का नाही, ते बघीन."

कल्याणनं कार्डाची घडी न घालता ते शर्टाच्या खिशात ठेवलं. अर्धं बाहेरच राहिलं. सगुणाबाईंनी शेठला बिल करायला सांगितलं, आणि त्यावर सगळं नीट लिहायलाही.