चिमूटभर कापूस

वडील दिवाळीआधी गेले. दोन महिने झाले, तरी ते माझ्या तोंडून निघत नव्हतं. कुणी विचारलं की मी म्हणायचे, गावी आहेत. सुभद्रा आणि अनवरी, माझ्या मैत्रिणी, मला अकोला दाखवायला घेऊन गेल्या. सकाळभर आम्ही किल्ल्याच्या बुरुजावर बसून नवी आगगाडी पाहिली. मग धुळीतून रमतगमत कापसाच्या बाजारात आलो.

एका बैलगाडीतून मी चिमूटभर कापूस काढला आणि दोन्ही अंगठ्यांत धरून धागा किती लांब निघतो ते ओढून पाहिलं. मालाची अशी पारख मी वडिलांबरोबर लहानपणापासून करत आले होते.

गाडीवाला चिडला. "अजून भवानी नाही झाली, अन् हात काहून लावते? कोनाची पोरगी तू?"

"तिवश्याच्या जानराव अडत्यांची."

"असं? माया कापूस तेच पाहात. कुठी हायेत ते?"

"गावी हायेत, काका," अनवरी घाईनं म्हणाली.

मी तिचा हात धरला. "नाही. ते वारले."

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "कसा हाये मंग माल?"

"धागा आखूड आहे."

"त्याहीचीच पोरगी हायेस," तो म्हणाला, आणि सुभद्रा हसली.