स्वच्छ चिखलाची बरणी

टक्.

दुपार होती. लेक झोपली होती, पंखाही बंद. पुन्हा टक्. आईने सकाळी पाठवलेल्या शिंपल्या पातेल्यातल्या पाण्यात तोंडं उघडत-मिटत होत्या. एकीने चूळ टाकली. हे दर आठवड्याचंच. आज मात्र मला त्या पातेल्याकडे पाठ करून बसवेना.

मी प्रयोगशाळेत मदतनीस आहे. खाडीतला गाळ वाळवायचा, कुटायचा, चाळायचा. कारखान्यांजवळचा गाळ किती बिघडलाय हे ठरवायला तुलनेसाठी एक चांगला गाळ लागतो. सहा वर्षांपूर्वी तो मीच आणला, माहेरच्या मागच्या खाडीतून, बादलीभर. शिंपल्या सोडल्या तर तिथे खेकड्याचं एक बीळ नव्हतं, किड्याचा माग नव्हता. मला वाटलं, किती नेटका चिखल! बरणीवर चिठ्ठी लावली : 'स्वच्छ'. दर वर्षी त्याच्याशी ताडून अहवाल जायचा : 'फारसा फरक नाही'.

काल नव्या मॅडमनी लांबच्या बेटावरचा गाळ आणला. तिन्ही तपासले. शिसं, कॅडमियम, पारा : कारखान्याचे आणि माझ्या बरणीचे आकडे जुळ्या बहिणींसारखे. बेटाचे अगदी नखाएवढे.

"हा 'स्वच्छ' कुठला हो?"

"माझ्या आईकडचा."

मॅडमनी नळ सोडला. हात धुतले. दोनदा.

आज आईला फोन लावला.

"आई, उद्यापासून शिंपल्या काढायला खाडीत उतरू नकोस."

"का गं? म्हातारी झाले म्हणून?"

"गाळात विष आहे. शिंपल्यांतही असणार."

"चल, काहीतरीच! तूच मिरवत होतीस ना, आपला चिखल सरकारी कपाटात ठेवलाय म्हणून? अख्ख्या आळीतल्या बायका तुझ्या भरवशावर उतरतात. पोटुशा सुद्धा."

"आई, माझं चुकलं गं."

 आई हळूच म्हणाली, "पोरीला आवडतात म्हणून मी मोठ्या मोठ्या निवडून पाठवते." आणि फोन ठेवला.

मी पातेलं उचललं. कुठे ओतावं तेच कळेना. मागे वळले तर लेक दारात उभी, केस पिंजारलेले.

"टाकतेस?"

"हो राणी. खराब आहेत त्या."

"शी!" तिने नाक मुरडलं. मग फ्रॉक वर करून स्वतःच्या पोटाकडे पाहत राहिली. एक बोट बेंबीजवळ दाबलं.

"मग आधीच्या, आई? त्या कशा काढायच्या?"