ऑकलंडला दोघं

"तिमॉन जाईल सोबत," कारोटूचा थोरला भाऊ म्हणाला, आणि विषय मिटल्याप्रमाणे बायकांनी ताटं उचलायला घेतली.

कारोटूच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. ते ऑपरेशन राजधानी तारावाच्या सरकारी दवाखान्यात होत नव्हतं, म्हणून परदेशी पाठवायच्या रुग्णांत तिथल्या डॉक्टरांच्या समितीने त्याचं नाव घातलं. विमान, राहणं, सगळं सरकारचं. मात्र सोबत एकच माणूस. पुतण्या तिमॉन शाळामास्तर, इंग्रजी बोलणारा. कारोटूची बायको रोटिया आपलं अबाइआंग बेट सोडून तारावाच्या धक्क्यापलीकडे कधी गेली नव्हती.

"रोटिया येत नसेल तर मीही जात नाही," खांबाला टेकलेला कारोटू धापा टाकत म्हणाला.

"तिला तिथं काय कळणार आहे?"

"मला तरी काय कळणार आहे? दोघं मिळून गोंधळू."

भाऊ बरेच दिवस धुसफुसला, पण विमानात रोटियाच बसली.

ऑकलंडला त्यांना एक खोली मिळाली. ऑपरेशनला अजून अवकाश होता. गावचं त्यांचं घर म्हणजे खांबांवर टेकवलेलं छप्पर, भिंती नाहीतच. लग्न झाल्यापासून त्या छपराखाली सासू, दीर, जावा, पोरं आणि येणारे-जाणारे. नवरा-बायकोने बोलायचं ते हळू आवाजात, कामापुरतं. या खोलीतही रोटियाने कुजबुजतच विचारलं, पाणी देऊ का. त्यानेही कुजबुजत होकार दिला, आणि मग थबकला.

"आपण हळू का बोलतोय गं? इथं कोण ऐकतंय?"

रोटियाला एवढं हसू आलं की तिला पलंगाच्या कडेवर बसावं लागलं.

त्यानंतर ते बोलतच राहिले. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत एका रजईत दोघं. त्याला नीरफणस मुळीच आवडत नाही, हे तिला तिथं कळलं. जन्मभर ती त्याला तोच वाढत आली होती. आईसमोर कसं सांगणार, असं तो म्हणाला. सकाळी माडावर चढून नीरा काढताना गावातले सगळेच गातात, तसा तोही गायचा. पण ज्या माडावरून तिची चूल दिसते त्याला नीरा कमी सुटते, हे ठाऊक असूनही त्याने तो कधी सोडला नव्हता, हेही तिला तिथंच कळलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने किमेरीचं नाव काढलं. किमेरी त्यांची पहिली मुलगी, अंगावर पिती असतानाच तापाने गेलेली. तेव्हापासून ते नाव दोघांपैकी कुणी उच्चारलं नव्हतं.

"तिला पुरलं आणि मी होडी घेऊन निघून गेलो," तो म्हणाला. "तुला एकटीला टाकून."

"मी रागावले होते."

"अजून?"

"नाही," ती म्हणाली. मग रजई त्याच्या खांद्यावर ओढत म्हणाली, "तिचे कान तुमच्यासारखे होते."

ऑपरेशन नीट झालं. पुन्हा माडावर चढायचं नाही, असं बजावून डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं. गावी पोचताच घरच्यांनी त्याला असं घेरलं की रोटियाच्या वाट्याला पुन्हा कामापुरतं बोलणं उरलं.

बऱ्याच वर्षांनी त्याला परत धाप लागू लागली. या खेपेला समितीने नकार दिला. जागा थोड्या, त्यामुळे तरुण रुग्ण आधी. ती जागा बुटारिटारी बेटावरच्या एका शाळकरी मुलीला मिळाली. योग्यच झालं, असं कारोटू म्हणाला. रोटिया मात्र रडली, आणि रडताना तिची तिलाच लाज वाटली, कारण ते रडू नुसतं त्याच्या दुखण्याचं नव्हतं.

कारोटूने ते ओळखलं. "खोली हवी होती ना तुला?" एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर चटई काखेत मारून तो निघाला. घरं संपतात तिथून पुढे, खाजणाच्या काठी त्याने ती अंथरली. मग दोघं रोज तिथं बसू लागली. वारा समुद्राकडून यायचा, म्हणून कारोटू त्या बाजूला बसायचा आणि ती आडोशाला. घरून कुणी हाका मारल्या तर दोघं ऐकू न आल्यासारखं करायची.

तो गेला त्याला आता दुसरं वर्ष. रोटिया अजूनही चटई घेऊन तिथं जाते आणि आपल्याच जागी बसते. वारा थेट अंगावर येतो. ती अंगावर काही ओढून घेत नाही, जागाही बदलत नाही. घरातून आता तिला कुणी हाक मारत नाही.