बाण काढणारी बाई

चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी मिशनचा एक लहान दवाखाना आहे. बाकावर बसलं की समोर तीन चित्रं दिसतात. साप चावल्यावर काय करावं, जुलाबात पाणी कसं पाजावं, ही दोन सरकारी. तिसरी एका जुन्या युरोपीय चित्राची छापील प्रत. संत सबास्तियन जखमी पडला आहे आणि एक बाई त्याच्या मांडीतला बाण हलक्या हातानं ओढून काढते आहे. तो पुढे जगला, एवढं तिथल्या सिस्टर सगळ्यांना सांगत.

दिवल्या पावरा ते चित्र वीस वर्षं पाहत आला होता. तो स्वतः बाण घडवायचा.

भाद्रपदात मक्यात रानडुकरं शिरली. सकाळी घरचे सगळे हाकायला गेले. दिवल्याचा धाकटा भाऊ झिपरू, त्याचा बाण दिवल्याच्या मुलाच्या, बादलच्या मांडीत घुसला. बादल एकोणीस वर्षांचा. तो शुद्धीवर होता, मी काय डुक्कर दिसतो का, असं काकाला विचारत होता. दिवल्यानं बाण ओढून काढला. जीप चोपड्याला पोचायच्या आत बादल गेला.

झिपरू त्याच दिवशी मध्य प्रदेशात निघून गेला. पाड्यावर कोणी त्याचं नाव घेईना.

दहाव्या दिवशी दिवल्या बायकोला, बिजलीबाईला घेऊन दवाखान्यात आला. नर्स रोशनी शेजारच्या पाड्यावरची. त्यानं औषध मागितलं नाही, चित्राकडे बोट केलं.

"तिनं ओढला तसाच ओढला मी. हळू. मग हा कसा जगला?"

रोशनी म्हणाली, ते उपचाराचं चित्र नाही, देवाधर्माचं आहे. तो म्हणाला, सापाच्या चित्राशेजारीच तर लावलंय. बाण फार खोल गेला होता, असं तिनं सांगून पाहिलं.

"चार बोटं. बाण माझ्याच हातचा होता. खोटं नको सांगू, पोरी. तसाच ठेवून आणला असता तर?"

रोशनीनं बिजलीबाईकडे पाहिलं. तिची नजर चित्रावरच होती.

"रक्त बाणानंच अडवून धरलं होतं, आबा. लंगडला असता. जगला असता."



"मग झिपरूनं नाही मारला," दिवल्या म्हणाला.

भावाला आजच निरोप धाडायला हवा, असं सांगत तो उठला आणि दाराशी जाऊन थांबला. बिजलीबाई उठली नाही.