महागुरूस्वामींच्या स्मरणशक्तीसाठी

आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, प्रवचनानंतर विनंत्या असतात. एकजण माईकपाशी जाऊन वाचतो आणि बाकीचे प्रत्येक विनंतीला "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणतात. विनंती कशाचीही चालते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं पाणी कायमचं आहेच. चिन्नप्पा सरांच्या हर्नियासाठी आम्ही सलग तीन रविवार प्रार्थना केली आहे. सात रस्त्याच्या सिग्नलसाठीसुद्धा एकदा केली होती. तो अजून बंद आहे, पण प्रभूनं तरी काय काय बघायचं.

त्यामुळं वैजयंती साळवेनं एक विनंती मागितली तेव्हा त्यासाठी बैठक बसेल असं तिला वाटलं नव्हतं.

वैजयंती एका पतसंस्थेत क्लार्क आहे. तिचा धाकटा भाऊ अजिंक्य जेऊरला स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. अकरा वर्षांचा असताना तो चर्चच्या एका बोर्डिंगमध्ये होता. तिथले वॉर्डन फादर रात्री मुलांच्या खोलीत यायचे आणि जे करू नये ते करायचे. मुलांनी हिय्या करून बोर्डिंगच्या प्रमुखांना सांगितलं. प्रमुखांनी वॉर्डनची दुसऱ्या बोर्डिंगवर बदली केली आणि मुलांना सांगितलं, की क्षमा हा फार मोठा गुण आहे. पुढं हे प्रमुख महागुरू झाले, म्हणजे बिशप. आता ते निवृत्त आहेत. यंदा ती मुलं, जी आता पस्तिशीची आहेत आणि ज्यांतल्या दोघांना टक्कल आहे, पोलिसांत गेली. पेपरात आलं. महागुरूस्वामींनी निवेदन काढलं, की त्यांना यातलं काहीही आठवत नाही.

अजिंक्य चर्चला येत नाही. पण पोलिसांत जाऊन आल्यावर तो बहिणीला फोनवर म्हणाला होता, "मला तुमच्याकडनं काय नको. फक्त एकदा नाव घेतात का बघ."

तेवढंच वैजयंतीला हवं होतं. येत्या रविवारी अजिंक्य आणि त्याच्याबरोबरच्या मुलांसाठी, नाव घेऊन, एक विनंती.

अडचण अशी, की त्याच रविवारी महागुरूस्वामींच्या गुरुदीक्षेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. तरुणपणी ते आमच्याकडं साहाय्यक फादर होते. आमच्या हॉलची पायाभरणी त्यांची, अर्ध्या गावाचा बाप्तिस्मा त्यांचा. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी असं पत्र आलं होतं. एकाच कागदावर दोघं कसे बसवायचे, यासाठी मिस्सेनंतर हॉलमध्ये समिती बसली. चहा होता.

समितीचे अध्यक्ष सयाजीमामा. वैजयंतीचे सख्खे नाहीत, पण सगळे त्यांना मामाच म्हणतात. महागुरूस्वामींनी लावलेलं पहिलं लग्न मामांचं. त्या दिवशी नवऱ्यापेक्षा फादर जास्त घाबरले होते, असं मामी सांगायच्या. अजिंक्यला बोर्डिंगला घाला, पोरगं सुधरंल, हा सल्लाही मामांचाच होता. ते त्या दिवशी कुणी बोललं नाही, पण मामा सारखे चहात बघत होते. आमचे फादर रायप्पा अक्कलकोटकडचे, नवीन, स्वभावानं इतके शांत की पहिली बाजू बोलून व्हायच्या आतच ते "दोन्ही बाजू बरोबर आहेत" म्हणतात.

मामांचं म्हणणं, आरोप सिद्ध झालेला नाही. मुलांसाठी प्रार्थना केली म्हणजे झालंय असं आपण प्रभूला कळवल्यासारखं होतं. त्यावर महिला मंडळाच्या बजाबाई म्हणाल्या, की चिन्नप्पा सरांच्या हर्नियासाठी प्रार्थना सुरू केली तेव्हा सोनोग्राफीचा रिपोर्ट तरी कुठं आला होता. चिन्नप्पा सर म्हणाले, हा मुद्दा वैयक्तिक आहे. सर निवृत्त चित्रकला शिक्षक असल्यामुळं त्यांनी तोवर कागदावर चौकट आखून कोपऱ्यात एक कबूतर काढलं होतं.

मामा म्हणाले, पेपरवाले स्वामींनी झाकलं झाकलं म्हणतात, पण झाकलं कुठं, बदली केली. बदली ही शिक्षाच असते. सरकारी नोकरीत असताना मामांची एकदा करमाळ्याला बदली झाली होती आणि ती शिक्षा होती याबद्दल त्यांच्या मनात आजही शंका नाही.

"शिक्षा कुणाला झाली, मामा?" वैजयंती म्हणाली. "त्याला जिथं पाठवलं, तिथल्या पोरांना."

यावर फादर म्हणाले, दोन्ही बाजू बरोबर आहेत. मग सगळ्यांनी चहा घेतला.

नंतर दुरुस्त्या सुरू झाल्या. नावं नकोत, असं ठरलं. मग "बोर्डिंगमध्ये ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यासाठी" असं झालं. अन्याय हा शब्द कोर्टाचा आहे म्हणून तो गेला. बोर्डिंग नको, कारण जूनमध्ये आपल्याच बोर्डिंगचे प्रवेश आहेत. मग "घरापासून दूर राहून त्रास सोसणाऱ्यांसाठी" असं उरलं. हे ऐकून बजाबाईंना त्यांचा सैन्यातला नातू आठवला आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यामुळं शेवटी, बोर्डिंगमधल्या मुलांच्या प्रकरणात आम्ही सीमेवरच्या जवानांसाठी प्रार्थना करायची, असं ठरलं. महागुरूस्वामींसाठी मात्र उत्तम आरोग्य.

 मग वैजयंतीनं विचारलं, स्वामींच्या विनंतीत एक शब्द वाढवला तर चालेल का. आरोग्य आणि स्मरणशक्ती. वय झालंय, त्यांनी स्वतःच पेपरात सांगितलंय की आठवत नाही.

समितीला ती सूचना अत्यंत आदरयुक्त वाटली. मामांनी तर तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, मन मोठं हाय पोरीचं. ठराव एकमतानं झाला. बैठकीत एकमत होण्याची ही आमच्याकडं पहिलीच वेळ.

रविवारी वाचायची पाळी वैजयंतीची होती. तिनं कागदावर होतं तेच वाचलं, एक अक्षर इकडं तिकडं केलं नाही. "महागुरूस्वामींना प्रभूनं उत्तम स्मरणशक्ती द्यावी, त्यांना आपल्या सेवेतला एकेक दिवस, एकेक मूल आणि एकेक निर्णय स्पष्ट आठवावा, म्हणून आपण प्रार्थना करू या." एकेक मूल वगैरे समितीपुढं आलं होतं. समितीला ते काव्यात्म वाटलं होतं. सगळं चर्च मोठ्यानं म्हणालं, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.

खरं म्हणजे हे इथंच थांबायला हवं होतं. पण बजाबाई कुठलीही प्रार्थना अर्धवट सोडत नाहीत. त्यांनी महिला मंडळातर्फे स्वामींच्या स्मरणशक्तीसाठी नोव्हेना सुरू केली, म्हणजे नऊ दिवस, रोज एका घरी रोजरीची जपमाळ आणि नंतर पोहे. चिन्नप्पा सरांनी फलकावर लावायला चित्र काढलं. त्यात एक मेंदू होता आणि मेंदूवर पवित्र आत्म्याचं कबूतर बसलेलं. लांबून ते फ्लॉवरवर बसलेल्या कावळ्यासारखं दिसायचं, पण भावना पोचत होती. बजाबाईंनी ब्राह्मीचं तेल आणि किलोभर बदाम पार्सल केले, सोबत चिठ्ठी: "स्वामी, रात्री भिजत घालावेत. तुमाला समदं आठवू दे." कुणीतरी चित्राचा फोटो ग्रुपवर टाकला. मग दुसऱ्या धर्मग्रामांतल्या चर्चमध्येही प्रार्थना सुरू झाली. कुठं मेणबत्त्या, कुठं उपास. एका ठिकाणी लहान मुलांनी स्वामींना पत्रं लिहिली, की आम्ही पाढे रोज म्हणतो, त्यानं आठवतं.

तिसऱ्या आठवड्यात फादर रायप्पांना फोन आला आणि समिती पुन्हा बसली. ह्या वेळी चहा सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

फादर म्हणाले, स्वामींच्या कचेरीतून निरोप आहे, ही प्रार्थना आता आवरती घ्यावी.

बजाबाई म्हणाल्या, "बदाम पचंनात व्हय त्यांला?"

फादर म्हणाले, बदामांचं काही बोलले नाहीत. वकिलांचा सल्ला आहे म्हणाले. स्वामींना त्रास होतोय म्हणाले.

चिन्नप्पा सरांनी विचारलं, की म्हटलेली प्रार्थना मागं घेता येते का, आणि येत असेल तर तिला किती भाविकांचं बहुमत लागतं. फादर म्हणाले, हे सेमिनरीत शिकवलेलं नाही. सर म्हणाले, वाटलं तर कबूतर उडवतो, मेंदू राहू दे. बजाबाई म्हणाल्या, दुसऱ्या नोव्हेनाचा अजून एक दिवस राहिलाय आणि पोहे भिजवलेत.

 वैजयंती मामांकडं बघत होती. आणि मामा फादरांकडं.

"फादर," मामा म्हणाले, "त्रास कशाचा होतोय त्यांला?"

फादरांनी दोन्ही बाजू बरोबर आहेत असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"मी पन्नास वर्षं ह्या माणसासाठी हात जोडलेत," मामा म्हणाले. "आजारी पडले तवा जोडले. महागुरू झाले तवा जोडले. कवा कुणी थांब म्हणलं न्हाई. आठवू दे म्हणलं की थांब. म्हंजे प्रभू आपलं ऐकंल, ह्याचं भ्या आपल्यापेक्षा त्यांलाच जास्त हाय की."

 बाहेर पाण्याचा टँकर आला होता आणि त्याची मोटर सुरू होती.

मामा म्हणाले, ठीक आहे, कचेरीचं ऐकायचं. स्मरणशक्तीची विनंती काढा. पण मग कागदावर एक जागा मोकळी होते, आणि मोकळी जागा बरी दिसत नाही. ह्या रविवारी वाचायची पाळी माझी आहे. तिथं अजिंक्य आणि बाकीच्या मुलांची नावं घाला.

चिन्नप्पा सर म्हणाले, पण चौकशी चालू आहे, आरोप अजून...

"चौकशी पोलिसांनी करावी," मामा म्हणाले. "त्या पोराला बोर्डिंगला घाला म्हणून मी सांगितलंय. मला चौकशी लागत न्हाई."

ठराव मताला टाकलाच नाही. फादर रायप्पांनी कागद पुढं ओढला आणि वैजयंतीला विचारलं, बाकीच्यांची नावं सांगा. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. एका नावाची वेलांटी त्यांनी दोनदा विचारून घेतली.

रविवारी मिस्सा संपल्यावर लोक दारात उभे राहून बोलत होते. दोन घरं न बोलताच निघून गेली, स्वामींच्या जवळची होती. वैजयंतीनं कंपाउंडातल्या लिंबाखाली उभं राहून जेऊरला फोन लावला. अजिंक्य दुकानात होता. मागं कुणीतरी स्क्रीनगार्डच्या किमतीवरून घासाघीस करत होतं.

"घेतलं नाव?" त्यानं विचारलं.

"घेतलं."

"कुणी?"

"सयाजीमामांनी."

 तिकडं गिऱ्हाईक म्हणत होतं, शंभरला द्या की.

"नीट घेतलं का?"

"नाही. तुझ्या नावाशी थांबले. लोकांना वाटलं विनंती संपली, म्हणून सगळे 'आमची प्रार्थना ऐक' म्हणाले. मग मामांनी पुन्हा पहिल्यापासनं वाचलं. मग लोक पुन्हा म्हणाले."

"म्हंजे दोनदा."

"बाकीच्यांना एकदाच."

 गिऱ्हाईकानं पुन्हा शंभर म्हटलं, तेव्हा अजिंक्य त्याला म्हणाला, "थांबा जरा. घरचा फोन हाय." आणि पुढं बराच वेळ दोघांपैकी कुणी बोललंही नाही आणि कुणी फोन ठेवलाही नाही. गिऱ्हाईकानं वाट बघितली आणि मग ते दुसऱ्या दुकानात गेलं.