घरात मराठीच

मंदार कारखान्यात इंजिनियर. पुण्याहून बदलीवर भोपाळला आला, अयोध्या नगरात बिऱ्हाड केलं आणि घरात एकच कायदा लावला: उंबरठ्याच्या आत मराठीच बोलायचं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत लोक सहा वर्षांच्या जुईचं शुद्ध मराठी ऐकून कौतुक करत, आणि याची छाती फुगे. कायदा करायला काय जातं. पाळावा लागतो लेकराला.

तीच जुई आता हॉस्पिटलात बेशुद्ध पडली होती. सकाळी शाळेत कोसळली. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता, तो फुटला होता. इतक्या लहान मुलांत हे क्वचित होतं, सर्जन म्हणाले. कवटी उघडून फुग्याच्या मानेवर बारीकशी क्लिप बसवावी लागेल.

"इससे पहले कभी अचानक तेज़ सिरदर्द हुआ था?" त्यांनी विचारलं.

"नहीं, कभी नहीं," जुईची आई, केतकी, म्हणाली.

मंदारला मात्र आठवलं. रविवारी केतकी जवाहर चौकात खरेदीला गेली होती आणि हा पेपर वाचत बसला होता. जुई दोन्ही हातांनी डोकं धरून आली. "पापा, सिर फट रहा है..."

"पापा नाही, बाबा. आणि मराठीत सांग, मग ऐकतो."

पोरगी ओठ हलवत उभी राहिली. त्या कळांत तिला शब्द सापडेनात. मग भिंत धरत आत गेली आणि पडून राहिली. हा पुन्हा पेपरात शिरला. संध्याकाळी ती जरा बरी दिसली, आणि हा विसरूनही गेला.

गप्प बसलं तर कुणाला कळणार आहे? हे त्याच्या मनात आलं, खरंच आलं. पण सर्जन थांबले होते. "सोच लीजिए. सिरदर्द हुआ हो, यानी खून पहले भी थोड़ा बहा हो, तो इलाज में फ़र्क पड़ता है."

"रविवार को," मंदार म्हणाला. "मुझसे कहा था. मैंने सुना नहीं."

का ऐकलं नाही, तेही त्याने सांगितलं. सांगताना मान वर करवेना. केतकी त्याच्याकडे न बघता सर्जनना पुढचं विचारू लागली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. जुईने डोळे उघडले तेव्हा डोक्याला पट्ट्या होत्या आणि दोघं जवळ उभे होते. नर्सने विचारलं, "गुड़िया, कहीं दर्द है?"

जुईचे ओठ हलले. तेवढ्यात तिची नजर मंदारवर गेली आणि तिने तोंड मिटलं. मग चाचरत शब्द शोधू लागली. "बाबा... डो... डो..."

लाजेने मंदारला तिथे उभं राहवेना. तरी तो तिच्यावर वाकला. "बोल बेटा. जैसे आता है, वैसे बोल."

तिने आधी आईकडे पाहिलं. बाबा खरंच रागावणार नाहीत ना, हे तिला विचारायचं होतं. केतकीने मान डोलावली.

"पापा, सिर दुख रहा है."

"हाँ बेटा," तो म्हणाला, "पापा सुन रहे हैं."