पत्र्यावरचं धाबं

योगराजला मुलगी झाली त्या वर्षी शहराकडच्या गोडादरा वस्तीतली त्यांची वरची खोली तव्यासारखी तापायची. पत्र्याखाली बाळ-बाळंतीण घामानं निथळत. योगराजचा बाप धुडकू, त्याला ते बघवेना. खानदेशातलं त्याचं घर धाब्याचं. सागाच्या जाड कड्या, वर काटक्या, त्यावर हातभर पांढरी माती. बाहेर ऊन फोडून काढायचं, आत गारवा. त्यानं भेस्तानकडून टेम्पोनं माती आणवली, पत्र्यावर गोणपाट अंथरलं आणि माती चोपून बसवली.

खोली खरंच निवली. गल्ली बघायला लोटली. शेजारचे मगनकाका म्हणाले, "धुडकूभाई, तमे तो वगर लाइटनुं एसी बनाव्युं." बिनविजेच्या एसीचं कौतुक ऐकून धुडकूनं मिशीवरून हात फिरवला.

मग पाऊस लागला. गावाकडे सर येऊन गेली की ऊन पडायचं, माती वाळून घट्ट व्हायची. इथं समुद्रावरून आलेलं आभाळ हलेचना. माती पाणी पीत राहिली. तिच्यावर गवत उगवलं, ते धुडकू कौतुकानं लोकांना दाखवायचा.

सून योगिता म्हणाली, "बाबा, पत्रा मधे वाकलाय."

"मोबाईलमधे आलं का तसं?" धुडकू हसला.

शोभाबाईनं, त्याच्या बायकोनं, वर पाहिलं. "काढा आते ती माती. हाई आपलं गाव नही."

"धाबाखाले लहानाना मोठा हुयनू मी. माले शिकाडस का?"

शोभाबाई उठली. सुनेला आणि नातीला तिनं खालच्या खोलीत आणलं. दोनच दिवसांनी भर दुपारी बाळाची लंगोटं आणायला ती वर गेली, आणि पत्र्याखालच्या लोखंडी पाइपांसकट सगळं धाबं तिच्या अंगावर आलं.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "पतरे पे इतनी मिट्टी किसने डलवाई?"

धुडकूनं तोंड उघडलं. पण खाटेवरून शोभाबाईच बोलली, "मैंनेच. बच्ची को गरमी होती थी."

डॉक्टरनं धुडकूकडे पाहिलं. धुडकूनं मान हलवली. होकाराची.

योगराज भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मगनकाका धुडकूला समजुतीनं, मराठीत म्हणाले, "बायकांचा हट्ट, भाई. आपलं काय चालतं?" त्यालाही धुडकू नाही म्हणाला नाही. गल्लीत तेच पसरलं, शोभाबाईनं हट्टानं माती टाकायला लावली. योगिता चहाचा कप धुडकूपुढे ठेवायची, पण त्याच्याकडे बघायची नाही.

शोभाबाई श्रावण लागला त्या दिवशी सकाळी दवाखान्यात वारली.